अप्रेंटिसचा करार नंबर आधी, युनिफॉर्म नंतर

मिशनच्या तांत्रिक संस्थेत फिटर, टर्नर, वेल्डर असा एखादा ट्रेड धरायचं ज्यांनी ठरवलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. प्रवेश कसा घ्यायचा, कागदपत्रं कुठली लागतात, हे तुम्हाला ठाऊक असणारच. मला सांगायचंय ते त्यानंतरचं: कारखान्यात अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ, म्हणून लागताना सरकारी पोर्टलवरच्या तुमच्या कराराचा नंबर आधी मागा.

माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की ते कोयते बांधून ट्रकमध्ये आणि मी आजीकडे. दहावीनंतर मीही टोळीत जाणार हे घरात कुणी बोललं नव्हतं, पण ठरल्यासारखंच होतं. चर्चच्या दवाखान्यातल्या एका सिस्टरांनी अर्ज भरून घेतला आणि मी सलेशियन फादरांच्या, म्हणजे डॉन बॉस्को या इटालियन पाद्र्यांनी काढलेल्या संघाच्या, संस्थेत फिटरला लागलो. आजीला एकच धास्ती होती, पोराचा धर्म बदलतील. आमच्या बॅचमध्ये ख्रिस्ती मुलं चारच होती. सकाळी फादर पाच मिनिटं बोलायचे, प्रार्थना व्हायची, बाकीचे शांत उभे राहायचे. दोन वर्षांत मला कुणी धर्माबद्दल एक शब्द विचारला नाही. तुमच्या घरी ही भीती असेल तर आईवडिलांना एकदा संस्थेत घेऊन जा, वर्कशॉप दाखवा.

सुरुवातीचे दोन महिने हातात फक्त कानस. वाईसमध्ये लोखंडाचा तुकडा आवळायचा आणि घासत राहायचं. आम्हाला शिकवणारे ब्रदर तुकडा उचलून त्यावर गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावायचे आणि खिडकीकडे धरायचे. पात्याखालून उजेड दिसला, म्हणजे तुकडा सपाट नाही, की तो परत वाईसमध्ये. माझा तुकडा कायम मधे फुगलेला आणि कडांना उतरलेला. शेवटी त्यांनी मागून माझ्या दोन्ही हातांवर आपले हात ठेवले आणि दाखवलं: सुरुवातीला पुढच्या हाताचा दाब जास्त, मध्ये दोन्हींचा सारखा, शेवटी मागच्या हाताचा. दाब असा सरकवला नाही तर कानस डुलते. त्या दिवशी पहिल्यांदा गुण्याखाली अंधार दिसला. तळहाताचे फोड फुटलेले होते, पण मला रडू आलं ते त्या अंधारामुळे.

म्हणून तीन महिन्यांत सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशीन, शिकवतो म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. बटणं दाबायला येतील, पण जॉब का बिघडला ते कळायचं नाही. आणि गुरू कोणाला मानायचं, तर जो तुमच्या कामाला हात लावून चूक दाखवतो त्याला. फोनवर सल्ले देणाऱ्याला नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. आयटीआयचा निकाल लागला. गावचा एक दादा मोठ्या शहरात सुपरवायझर होता. म्हणाला, "ये, अप्रेंटिस म्हणून लावतो, कागद मागून होत राहतील." मी गेलो. निळा युनिफॉर्म मिळाला, गेटपास मिळाला, त्यावर 'ट्रेनी' छापलेलं. एका इंग्रजी कागदावर सही केली. वाचला नाही, वाचून दाखवा असंही म्हणालो नाही. पगारपत्रकात पीएफ कापलेला दिसला तेव्हा आनंदाने घरी फोन केला. मला वाटलं, आपण पक्के झालो.

तिथेच ओळखायला हवं होतं. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली जो खरा अप्रेंटिस असतो, त्याला विद्यावेतन मिळतं. तो कायद्याने कामगार नसतो, प्रशिक्षणार्थी असतो, म्हणून त्याचा पीएफ कापला जात नाही, ईएसआय म्हणजे कामगार विम्याचे पैसेही नाही. तुमचा कापला जातोय याचा अर्थ तुम्ही कंपनीचे किंवा कुणातरी ठेकेदाराचे कामगार आहात. कामगार असण्यात कमीपणा काहीच नाही. पण ते महिने अप्रेंटिसशिपमध्ये धरले जात नाहीत. मी अकरा महिने माल ओढला, मशीनखालचा लोखंडाचा चुरा पुसला, साहेबांच्या घरचं सामानसुद्धा चढवलं. मग एका जाहिरातीत एनएसी मागितलेली दिसली, म्हणजे अप्रेंटिसशिप पूर्ण करून परीक्षा पास झाल्यावर मिळणारं राष्ट्रीय प्रमाणपत्र. मी ऑफिसात विचारायला गेलो, तर सरकारी पोर्टलवर माझ्या नावाचा करारच नव्हता. अकरा महिने गेले. दादा म्हणाला, "असंच असतं." नाही, असं नसतं.

तोंड लपवत संस्थेत परत गेलो. फादर रागावले नाहीत. त्यांनी डॉन बॉस्कोंची एक गोष्ट सांगितली, जी दोन वर्षं तिथे राहूनही मी कधी नीट ऐकली नव्हती. इटलीतल्या तुरीन शहरात त्यांचे स्वतःचे वर्कशॉप सुरू झाले १८५३ पासून. त्याच्या आधीच ते गरीब पोरांसाठी मालकांशी लेखी करार करत होते. ८ फेब्रुवारी १८५२ चा एक करार आजही जपलेला आहे. एक सुतार, त्याच्याकडे शिकणारा मुलगा, मुलाचा बाप आणि खुद्द डॉन बॉस्को अशा चौघांच्या सह्या. मुलाला धंद्याशी संबंध नसलेल्या कामाला लावायचं नाही, मारायचं नाही, सणावारी सुट्टी द्यायची, सगळं मुद्रांकाच्या कागदावर. ते ऐकताना मला साहेबांच्या घरचं कपाट आठवत होतं. पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका पाद्र्याला कळत होतं की नुसत्या शब्दावर गरिबाचं पोर राबवलं जातं, आणि मी मोबाईल हातात असून कागद वाचला नाही.

तुम्ही घाबरू नका. असं झालंच असेल तर आयुष्य संपत नाही, माझं संपलं नाही. पण पहिल्याच आठवड्यात करार नंबर मागा. अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर स्वतःच्या लॉगिनने करार उघडून बघा: ट्रेड तुमचाच आहे का, सुरू व्हायची आणि संपायची तारीख काय, विद्यावेतन किती. वय अठराच्या आत असेल तर पालकांची सही लागते, त्यांनाही वाचून दाखवा. कंपनी "होईल, होईल" म्हणत महिना काढत असेल तर सरकारी आयटीआयमधल्या बीटीआरआय केंद्रात, म्हणजे अप्रेंटिसांच्या प्रशिक्षणाचं काम बघणाऱ्या केंद्रात, जाऊन विचारा. तिथे विचारायला पैसे लागत नाहीत. फादरांचं शिफारसपत्र गेटच्या आत नेतं, पण कराराचं काम ते करत नाही.

दुसऱ्या कारखान्यात मी पुन्हा पहिल्या दिवसापासून वर्ष काढलं. वयाने लहान मुलं माझ्या बरोबरीने शिकत होती, विद्यावेतन आधीच्या पगारापेक्षा कमी होतं, आणि घरी पैसे कमी गेले म्हणून आईला आणखी एक हंगाम जावं लागलं. ते मला अजून टोचतं. करार नंबर मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता. परीक्षा पास झालो. आता टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारं आणि साचे बनवणाऱ्या विभागात आहे, आणि नवीन पोरगा आला की कानस हातात देण्याआधी त्याला विचारतो, नंबर आला का तुझा?