वेल्समधलं जुनं गाईगुरांचं तैलचित्र: सही शोधण्याआधी या चुका टाळा

वेल्समधल्या छोट्या लिलावांत एकोणिसाव्या शतकातलं असं चित्र अधूनमधून दिसतं. पुढे दोन-तीन काळी गुरं, बाजूला मेंढ्या, मागे धुकट डोंगर आणि सगळ्यावर कोऱ्या चहाच्या रंगाचा थर. घेणारा विजेरी काढतो आणि थेट कोपऱ्यातली सही शोधतो. मीही तेच केलं होतं. सहीवर भाळून एक चित्र घेतलं. घरी भिंगातून पाहिलं, तर सहीचा रंग जुन्या भेगांमध्ये उतरलेला. रंगाला भेगा पडल्यानंतर कुणीतरी केलेली सही होती ती. तेव्हापासून मी आधी जनावर बघतो.

सर्वांत मोठी चूक तिथेच होते. पेटीसारखं चौकोनी धड, एवढंसं डोकं, काडीसारखे पाय. हे पाहून लोक म्हणतात, चित्रकाराला गाय काढता येत नव्हती. खरं तर गाय अशीच काढून हवी असायची. रॉबर्ट बेकवेलसारख्या पैदासकारांनी अठराव्या शतकात निवडक पैदाशीने मांसल जनावरं घडवली. पुढे प्रदर्शनं आणि बक्षिसं आली. अशी प्रदर्शनं भरवणारा लंडनचा स्मिथफील्ड क्लब १७९८ सालचा. मालक पैसे मोजून आपल्या बैलाचं चित्र काढून घेई आणि चरबी जिथे हवी तिथे फुगवून मागे. थॉमस ब्यूइक या लाकूड-कोरीवकाराने जनावरांच्या अंगावर नसलेले चरबीचे गोळे काढायला नकार दिला होता, इतकी ही मागणी उघड होती. म्हणून बेढब धड दिसलं की चित्र टाकाऊ ठरवू नका. ते बहुधा एका विशिष्ट, नावाजलेल्या जनावराचं चित्र असतं, आणि मला तरी डोंगरांच्या गोड देखाव्यांपेक्षा ते फार मोलाचं वाटतं.

दुसरी चूक रंगाची. ‘वेल्श गुरं म्हणजे काळी, तांबडी दिसली तर चित्र वेल्समधलं नाही,’ असं ठामपणे सांगणारे भेटतात. काळ्या गुरांचं महत्त्व खरंच होतं. त्यांचे कळप पायी हाकत इंग्लंडच्या बाजारांत नेले जात, वाटेत खूर झिजू नयेत म्हणून त्यांना नाल ठोकत. लँडॉव्हरी गावात १७९९ साली निघालेल्या बँकेच्या नोटांवर काळा बैल छापलेला असे. पण या काळ्या गुरांच्या वंशावळीची नोंदवही १८७४ साली सुरू झाली. त्याआधी रंगांत बरीच सरमिसळ होती. दक्षिणेत ग्लॅमॉर्गनची तांबूस, पाठीवर पांढरा पट्टा असलेली गुरं होती. इंग्लंडच्या सीमेलगत पांढऱ्या तोंडाची हेरफर्ड गुरं आजही दिसतात.

‘वेल्श चित्र’ या शब्दांनीही फसगत होते. बर्मिंगहॅमचा चित्रकार डेव्हिड कॉक्स १८४४ पासून १८५६ पर्यंत उत्तर वेल्समधल्या बेतुस-अ-कोइड गावी येत राहिला, त्याच्यामागून इतर इंग्रज चित्रकारही आले. देखावा वेल्सचा, हात बाहेरचा. विकणाऱ्याला विचारा: वेल्श कोण, चित्रकार की डोंगर?

आता दुरुस्ती. बटाटा, कांदा, पाव, ओलं फडकं, यातलं काहीही चित्राला लावू नका. पिवळेपणा बहुतेक वेळा जुन्या रोगणाचा, म्हणजे व्हार्निशचा असतो. ते उतरवणं संवर्धकाचं काम आहे, कारण रोगणाबरोबर गवताचा वरचा पातळ रंगही निघून येऊ शकतो. पृष्ठभागावर निळसर-पांढरी धुरकट झाक आली असेल तर ओलावा हे नेहमीचं कारण. आधी जागा बदला. गडद भागांत मगरीच्या पाठीसारख्या रुंद भेगा असतील तर तपकिरी रंगात डांबर मिसळलेलं असण्याचा संभव आहे. तो रंग नीट सुकतच नाही. अशा भेगा घरी बुजवायला जाऊ नका. पोपडे सुटत असतील तर चित्र तोंड वर करून आडवं ठेवा आणि पुसायचा मोह आवरा.

मागची बाजू ‘स्वच्छ’ करून घेणं ही तर भरून न येणारी चूक. कॅनव्हास विकणाऱ्याचा शिक्का, जुनी चिठ्ठी, चौकटीच्या कोपऱ्यांतल्या लाकडी पाचरी, हा सगळा पुरावा आहे. मूळ रंगात टायटॅनियम पांढरा सापडला तर चित्र एकोणिसाव्या शतकातलं नाही, कारण तो वापरात आला १९२० च्या सुमारास. मात्र तो नंतरच्या डागडुजीतलाही असू शकतो, म्हणून नमुना कुठून घेतला ते विचारा. अतिनील दिव्याखाली जुनं रोगण हिरवट चमकतं आणि अलीकडची डागडुजी बहुधा काळपट डागांसारखी उठून दिसते.

टांगताना शेकोटीच्या वर नको आणि बाहेरच्या गार भिंतीवरही नको. पुण्या-मुंबईला आणलं असेल तर पावसाळ्यात ओल धरणारी भिंत टाळा. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांमागे बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळती राहते.