रणगाडे आणि पायदळाच्या वॉरगेमसाठी नियम निवडताय? या चुका टाळा

मिनिएचर वॉरगेमिंगमध्ये, म्हणजे छोट्या मॉडेल्सनी टेबलावर लढाया खेळण्याच्या छंदात, नवीन आलेला माणूस पहिला प्रश्न ठरलेला विचारतो: "आधुनिक लढाईसाठी सगळ्यात चांगले नियम कुठले?" या प्रश्नाला उत्तर नाही. कुठली लढाई खेळायची आहे आणि त्या लढाईत तुम्ही कोण आहात, ट्रूप लीडर, कंपनी कमांडर की ब्रिगेडियर, हे आधी ठरलं पाहिजे. नियम त्यानंतर येतात आणि मॉडेल्स सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकं उलट करतात. दिसायला सुंदर म्हणून रणगाडे मागवतात, मग त्या मापाला चालणारं नियमांचं पुस्तक शोधतात आणि हवी ती लढाई त्यात कोंबतात.

आपण कोण, हे न ठरवणं

१९६५चं युद्ध घ्या. सप्टेंबरच्या एकाच आठवड्यात सियालकोट भागात फिलोरा आणि खेमकरणजवळ असल उत्तर अशा दोन मोठ्या रणगाडा-लढाया झाल्या. फिलोऱ्याला पूना हॉर्ससारख्या भारताच्या सेंच्युरियन रणगाड्यांच्या अख्ख्या रेजिमेंट उतरल्या होत्या. एका रेजिमेंटमध्ये साधारण ४५ रणगाडे असतात. 'एक मॉडेल म्हणजे एक रणगाडा' असे नियम घेतले, तर गोळा लागला का, कुठे लागला, चिलखत भेदलं का आणि आत काय झालं, यासाठी दर वेळी फासे टाकत बसावं लागतं. दोन रेजिमेंट समोरासमोर आल्या की रविवार संपतो आणि लढाई जेमतेम दहा मिनिटं पुढे सरकलेली असते.

अशा लढाईला 'एक मॉडेल म्हणजे तीन रणगाड्यांचा ट्रूप' हा हिशेब हवा. रेजिमेंट पंधरा मॉडेल्समध्ये बसते. 'फिस्टफुल ऑफ टोज' आणि 'कोल्ड वॉर कमांडर' या पातळीचे नियम आहेत. दुसऱ्यात हुकूम खालपर्यंत पोचला की नाही यासाठीही फासे टाकावे लागतात, आणि ब्रिगेडियरच्या खुर्चीत बसायचं तर मला हे हवंच असतं. 'टीम यँकी'मध्ये एक मॉडेल म्हणजे एकच रणगाडा. 'फोर्स ऑन फोर्स' तर एकेक जवान मोजतं, ते गल्लीतल्या तुकडीसाठी आहे. यातलं कुठलंच पुस्तक वाईट नाही. चुकीच्या लढाईला लावलं की ते वाईट वाटतं.

जमिनीचं मापही इथेच तपासा. १५ मिलिमीटरची मॉडेल्स १:१०० मापाची असतात. त्याच मापानं सहा फुटी टेबल खऱ्या जमिनीवर सुमारे १८० मीटर भरतं, आणि सेंच्युरियनची तोफ हजार मीटरवरही मारा करू शकत होती. म्हणून नियमांमध्ये जमिनीचं माप मॉडेलच्या मापापेक्षा वेगळं ठेवावं लागतं. लेखकानं ही तडजोड कशी केली आहे, हे पुस्तक घेण्यापूर्वी वाचा.

सगळं टेबलावर उघडं ठेवणं

ही चूक मी सतत पाहतो आणि दर वेळी तितकाच वैतागतो.

आमच्याकडे दोन तरुणांनी असल उत्तर मांडलं होतं. मेहनत भरपूर केली होती, नाला, बांध, ऊस सगळं हातानं बनवलेलं. नियम मात्र १९८५च्या जर्मनीसाठी लिहिलेले. त्यात लपलेली तुकडी, टेहळणी, शत्रू दिसला की नाही, या गोष्टी जवळपास नव्हत्याच. ऊस म्हणजे 'झाडी, नेम धरताना उणे एक', एवढंच. आरसीएल (रिकॉइललेस, रणगाडाविरोधी) तोफांच्या जीप पहिल्यापासून टेबलावर सगळ्यांना दिसत होत्या. पाकिस्तानी बाजूच्या पॅटन रणगाड्यांनी लांबूनच त्या टिपल्या आणि दुसऱ्या फेरीत भारतीय बाजूकडे एकही जीप उरली नाही. दोघांचा निष्कर्ष: प्रसंगच एकतर्फी आहे. पुढच्या खेळात त्यांनी 'तोल साधायला' भारताला जादा सेंच्युरियन दिले.

प्रत्यक्षात काय झालं होतं? भारताच्या ४ माउंटन डिव्हिजननं घोड्याच्या नालेच्या आकारात बचाव मांडला. शेतांत पाणी सोडलं. ऊस उभा होता. पॅटन त्या नालेच्या तोंडातून आत आले, पाणथळ शेतात त्यांचा वेग गेला आणि उसाआड दडलेले ३ कॅव्हलरीचे सेंच्युरियन बाजूनं मारा करू लागले. ४ ग्रेनेडियर्सच्या अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या १०६ मिलिमीटर आरसीएलनं अगदी जवळून पॅटन फोडले आणि १० सप्टेंबरला ते तिथेच शहीद झाले. पाकिस्तानचे शंभराच्या जवळपास रणगाडे नष्ट झाले किंवा मैदानात सोडून दिले गेले. ही लढाई दिसण्या-न दिसण्यावर जिंकली गेली. ते ज्या नियमांत नाही, त्या नियमांनी ही लढाई खेळताच येत नाही.

कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकाला हे समजावण्याची गरज नाही. वाढलेल्या उसात सरीच्या तोंडाशी उभं राहिलात तरी आठ-दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. आता नगरच्या रणगाडा संग्रहालयात जाऊन पॅटनशेजारी उभे राहा. तो तीन मीटरहून उंच आहे. त्याचा टरेट (तोफेचा फिरता बुरूज) उसाच्या शेंड्यांवर डोकावतो आणि लांबून ओळखू येतो, पण वर उभ्या असलेल्या कमांडरला शेंड्यांखेरीज काही दिसत नाही. बांधाआडच्या बुटक्या जीपला हा सगळा फायदा मिळतो, तोही पहिला गोळा सुटेपर्यंतच. आरसीएलचा मागचा झोत धूळ उडवतो आणि जागा उघडी पडते. म्हणून मारायचं आणि लगेच हलायचं.

माझी सवय अशी आहे. नवं पुस्तक हातात आलं की पूर्ण लढाई मांडत नाही. उसाचा एक तुकडा, एक आरसीएल जीप आणि रस्त्यानं येणारे तीन पॅटन, एवढंच मांडतो. जीपला पहिल्या गोळ्याची संधी मिळते का? पॅटनच्या समोरच्या आणि बाजूच्या चिलखतात फरक पडतो का? गोळा सुटल्यावर जीप उघडी पडते का? तिला जागा बदलता येते का? उत्तरं 'नाही' यायला लागली की पुस्तक कपाटात जातं, मग त्याची छपाई कितीही सुंदर असो.

तुकड्या लपवण्यासाठी मी आकडे घातलेले पुठ्ठ्याचे तुकडे वापरतो. त्यातले निम्मे रिकामे असतात, कुठल्या आकड्याखाली काय आहे ते वहीत लिहिलेलं असतं. तिसरा माणूस पंच म्हणून बसला तर आणखी चांगलं. पंच ठेवायला लोक कंटाळतात, कारण प्रत्येकाला फासे टाकायचे असतात. तासभर फासे न टाकता बसायची तयारी नसेल, तर या लढाया तुमच्यासाठी नाहीत असं मी स्पष्ट सांगतो.

पायदळ शोभेला ठेवणं

८ ऑक्टोबर १९७३ला सिनाईत इस्रायली रणगाडे पुरेशा पायदळाशिवाय पुढे गेले आणि इजिप्तच्या पायदळानं सॅगर या रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रांनी व आरपीजींनी (खांद्यावरून डागायच्या रॉकेटांनी) त्यांची दैना केली. नियम तपासताना सॅगरकडे बघा. तीन किलोमीटर जायला त्याला सुमारे २५ सेकंद लागतात आणि तेवढा वेळ चालकाला ते हातानं वळवत राहावं लागतं. त्या चालकावर मशीनगनचा मारा झाला तर नेम चुकतो. ज्या नियमांत असा दबाव नाही आणि सॅगर म्हणजे फक्त लांब पल्ल्याची तोफ आहे, त्यात पायदळाला कामच उरत नाही.

बाकीच्या चुका

दोन्ही बाजूंना समान पॉइंट्सचा, म्हणजे सारख्याच ताकदीच्या सैन्याचा, हट्ट सोडा. ४ डिसेंबर १९७१च्या रात्री लोंगेवालाला भारताच्या २३ पंजाब बटालियनची एक कंपनी चाळीसच्या आसपास पाकिस्तानी रणगाड्यांसमोर उभी होती. ती लढाई समान पॉइंट्सवर मांडताच येत नाही. तिथे जिंकण्याची अट म्हणजे उजाडेपर्यंत चौकी टिकवणं, कारण जैसलमेरहून हंटर विमानं दिवसाच येऊ शकत होती.

तोफखाना टेबलावर मांडू नका. २५ पौंडी तोफेचा पल्ला १२ किलोमीटर आहे, ती टेबलाबाहेरच असते.

चिलखत-भेदकतेचे तक्ते जितके लांब तितके नियम खरे, ही समजूत चुकीची आहे. पहिल्याच खेळात हेलिकॉप्टर नको. हाऊस रूल, म्हणजे घरचे बदललेले नियम, तर मुळीच नकोत: दोन-तीन खेळ पुस्तकात लिहिलंय तसेच खेळा, मगच बदल सुचवा. व्हिडिओ पाहून नियम शिकता येत नाहीत. पुस्तक पेन घेऊन वाचा आणि एका पानाचा सारांश मराठीत, स्वतःच्या हातानं लिहा. दुसऱ्यानं बनवलेल्या सारांशाची झेरॉक्स कामाची नाही, कारण खेळाच्या मधोमध अडलात की नेमकं कुठे बघायचं ते तुम्हाला माहीत नसतं.