व्हॉल्व्ह ॲम्पचा आवाज बसला? लगेच व्हॉल्व्ह मागवू नका

चवथ आटोपली, दसरा जवळ आला की गोव्याच्या किनाऱ्यावर शॅक उभे राहू लागतात आणि चार महिने पलंगाखाली नाहीतर चादर पांघरून कोपऱ्यात पडलेले गिटारचे ॲम्प बाहेर निघतात. त्याच सुमाराला माझा फोन वाजायला लागतो. पोरगा डिचोलीचा असो की पेडण्याचा, पहिलं वाक्य ठरलेलं : "दादा, व्हॉल्व्ह गेलेत वाटतं. कुठले मागवू?"

काहीही मागवू नकोस, हे माझं उत्तरही ठरलेलं. व्हॉल्व्ह म्हणजे ॲम्पमधली आवाज वाढवणारी काचेची नळी. ती दिसते, तापते आणि महाग असते, म्हणून पहिला संशय तिच्यावर. पण बहुतेक वेळा गुन्हेगार एखादी केबल, जॅक, स्पीकरची वायर नाहीतर भिंतीतला प्लग असतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

मीही हे केलंय. माझा ॲम्प एका जत्रेच्या आठवड्यात मधूनच गळपटायला लागला. दोन मिनिटं ठणठणीत, मग कोणी उशी दाबून धरल्यासारखा. मी ईएल ३४ या मोठ्या व्हॉल्व्हची जोडी मागवली, पैसे मोजले, बसवली. आवाज तसाच. शेवटी मागच्या बाजूचा एफएक्स लूप, म्हणजे पेडल मध्ये जोडायचे 'सेंड' आणि 'रिटर्न' हे दोन जॅक, आठवला. त्यात मी कधी काही लावतच नव्हतो, आणि दुखणं नेमकं तिथंच होतं. बऱ्याच ॲम्पमध्ये लूप रिकामा असताना सिग्नल 'रिटर्न' जॅकच्या आतल्या एका छोट्या पत्रीतून पुढे जातो. आपल्या हवेत ती पत्री काळी पडते आणि आवाज तिथेच अडतो. तपासायला फक्त एक छोटी पॅच केबल लागते. ती 'सेंड'मधून 'रिटर्न'मध्ये लावा. आवाज परत आला तर रोग सापडला. जॅकमध्ये काँटॅक्ट क्लीनर मारायचा, प्लग दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करायचा, झालं. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे मात्र मारू नका. आज बरं वाटतं, पण त्या तेलावर पुढे धूळ चिकटते.

कान न वापरता स्क्रूड्रायव्हर उचलणं

ॲम्प उघडायच्या आधी पाच मिनिटं फक्त ऐका. पेडल सगळी बाजूला ठेवा, गिटार थेट ॲम्पला लावा आणि केबल बदलून पाहा. ॲम्प घूंऽऽ करत असेल आणि एवढं करूनही तो आवाज चालूच राहिला, तर केबल ॲम्पमधून काढून घ्या. बहुतेक ॲम्पमध्ये प्लग काढला की इनपुट आपोआप ग्राउंडला जोडला जातो, म्हणजे बाहेरून काहीच आत येत नाही. आवाज थांबला तर दोष गिटारमध्ये, केबलमध्ये किंवा खोलीत आहे. सिंगल कॉइल पिकअपचं गिटार डिमरच्या दिव्याजवळ किंवा मोबाइल चार्जरशेजारी धरलंत तर ते घूं करणारच, त्यात ॲम्पचा काही दोष नाही.

आवाज थांबला नाही तर व्हॉल्यूम शून्यावर आणा. आता गेला तर गडबड पुढच्या भागात, म्हणजे प्रीॲम्पमध्ये आहे. शून्यावरही तसाच राहिला तर तो पॉवरच्या बाजूचा किंवा सप्लायचा.

पुढची युक्ती वादकाला मेकॅनिकपेक्षा लवकर जमेल. आपली वीज ५० हर्ट्झची. जाड तारेचा, म्हणजे सहाव्या तारेचा, तिसरा पडदा वाजवा. तो जी स्वर साधारण ९८ हर्ट्झचा आहे. घूं त्याच्या जवळपास, किंचित चढा लागत असेल तर तो १०० हर्ट्झचा. वीज रेक्टिफायरमधून, म्हणजे एसीची डीसी करणाऱ्या भागातून, गेल्यावर तिची लहर दुप्पट वेगाची होते आणि ती सपाट करायचं काम फिल्टर कपॅसिटरचं असतं. कपॅसिटर सुकले की तीच लहर स्पीकरपर्यंत पोचते. घूं एक सप्तक खाली वाटला तर ५० हर्ट्झचा, म्हणजे ग्राउंड, केबल किंवा व्हॉल्व्हच्या फिलामेंटची (आतल्या तापणाऱ्या तारेची) वायरिंग. इंटरनेटवरच्या अमेरिकन व्हिडिओत ६० आणि १२० चे आकडे सांगतात. ते आकडे घेऊन फोंड्यात बसलात तर जन्मभर शोधत राहाल.

तिसरी पिन कापणं

हे वाचून कोणी हसू नये, मी असे प्लग पाहिलेत. अर्थिंगची पिन काढली की घूं खरंच कमी होतो कधीकधी, म्हणून लोक ती काढतात. गिटारच्या तारा ॲम्पच्या चेसिसला, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याला, जोडलेल्या असतात हे विसरतात. तुमचा हात तारेवर आणि ओठ दुसऱ्या लाइनवरच्या माइकवर, अशा वेळी मधला रस्ता तुमच्या अंगातून जातो. 'स्टोन द क्रोज'चा गिटारिस्ट लेस हार्वी १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सीच्या स्टेजवर अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून गेला. 'यार्डबर्ड्स'चा गायक कीथ रेल्फ १९७६ मध्ये घरी गिटार वाजवताना तसाच गेला. शॅकमध्ये पायाखाली ओली वाळू असते आणि जनरेटरला अर्थिंग असेलच असं नाही. माइकला ओठ लागून मुंगी चावल्यासारखं झालं तर गाणं तिथंच थांबवा.

घरातही अर्थिंगचा विचार करा. जांभ्याची जमीन एप्रिल-मे महिन्यात ठणठणीत सुकते आणि जुन्या घरांची अर्थिंग नावापुरती उरते. पावसात न ऐकू येणारा घूं उन्हाळ्यात ऐकू येतो तो यामुळेही. मे महिन्यात अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतायची जुन्या इलेक्ट्रिशियनांची सवय खुळी नव्हती.

अर्थिंगचाच आणखी एक घोळ : बोटीवर असलेला मामा अमेरिकेतून ॲम्प आणतो, आपण त्याला स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर घेतो. स्वस्त स्टेपडाऊनची बाहेरची सॉकेट अनेकदा दोन पिनांची असते आणि अर्थ तिथेच तुटतो. शिवाय स्टेपडाऊन व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. मागच्या पट्टीवर फक्त '१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ' लिहिलं असेल तर आपल्या ५० वर त्याचा ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. '५०/६०' लिहिलं असेल तर चिंता नको.

विजेला विसरणं

आवाज मऊ, मेलेला, दुपारी बरा आणि रात्री आठला वाईट? मल्टिमीटर घ्या आणि सॉकेट मोजा. २३० च्या जागी १९० व्होल्ट असतील तर व्हॉल्व्हच्या फिलामेंटला ६.३ ऐवजी जेमतेम ५.२ मिळतात, आतलं हाय व्होल्टेजही त्याच प्रमाणात खाली येतं. मग व्हॉल्व्ह अगदी नवा असला तरी बिचारा काय करणार! चांगला स्टॅबिलायझर व्हॉल्व्हच्या जोडीपेक्षा आधी घ्या. गाणं चालू असताना तो टकटक करतो आणि कधी स्पीकरमध्ये फट्ट करतो, तेवढं सोसावं लागतं.

स्पीकरला गृहीत धरणं

ॲम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये गिटारची केबल लावू नका. ती वरून सारखीच दिसते, पण आतली तार बारीक असते आणि तापून तुटते किंवा शॉर्ट होते. व्हॉल्व्ह ॲम्प स्पीकरशिवाय चालवणं म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाळायची तयारी. तो ट्रान्सफॉर्मर या पेटीतला सगळ्यात महाग भागांपैकी एक. ओहम जुळवा : ८ चे दोन स्पीकर समांतर जोडले तर ४, एकामागे एक जोडले तर १६. मीटरवर ८ ओहमचा स्पीकर सहा-सात दाखवतो, ते बरोबर आहे. काहीच आकडा येत नसेल तर कॉइल गेली.

पावसाळ्यात कागदी कोनावर बुरशी येते, तो ओलावतो, आवाज फाटतो. बोटांनी कोन अलगद आत दाबून पाहा. खसखस जाणवली तर कॉइल घासतेय. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणून ॲम्प प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवू नका. ओल आतच राहते. आठवड्याला अर्धा तास वाजवा, व्हॉल्व्हची ऊब त्याला आतून सुकवते. मोरजीच्या किनाऱ्यावर वाजवून आलात तर जॅक आणि नॉब कोरड्या फडक्याने पुसा.

आणि मग व्हॉल्व्ह

एवढं सगळं झाल्यावर व्हॉल्व्हची पाळी. ॲम्प चालू, व्हॉल्यूम मध्यावर, आणि लाकडी पेन्सिलीने प्रत्येक छोट्या व्हॉल्व्हवर हलकी टिचकी. स्पीकरमध्ये घंटेसारखं टण वाजलं किंवा शिट्टी आली तर तो व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक झालाय, म्हणजे माइकसारखा धक्क्याचा आवाज उचलतोय. इनपुटजवळच्या पहिल्या १२ एएक्स ७ मध्ये (यालाच ईसीसी ८३ म्हणतात) हे जास्त ऐकू येतं, कारण त्याचा आवाज पुढे सगळीकडे वाढत जातो. एक सुटा १२ एएक्स ७ घरात ठेवा. ॲम्प बंद करून, थंड होऊ देऊन, एकेका जागी बदलून पाहा.

मोठ्या व्हॉल्व्हच्या आतली धातूची प्लेट लालबुंद झाली तर ताबडतोब बंद करा. ही जोडी बहुतेक ॲम्पमध्ये नुसती खुपसून चालत नाही, बायस, म्हणजे व्हॉल्व्हमधून गप्प असताना किती करंट वाहावा ते, मोजून लावावा लागतो आणि त्यासाठी चेसिस उघडावं लागतं. आत ३०० ते ५०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये टिकून राहतात. ते काम जाणत्याकडेच द्या. नेताना कागदावर लिहा : घूं कुठल्या स्वरात, व्हॉल्यूम शून्यावर थांबतो का, किती मिनिटांनी सुरू होतो. आणि जळालेला फ्यूज फेकू नका, सोबत न्या. त्याच्या टोपीवरचा आकडा बघून आधी कोणी चुकीचा फ्यूज घातला होता का, ते कळतं.