परदेशात कुणाकडे जेवायला गेलात तर 'बास' कसं सांगायचं

परदेशात कुणी घरी जेवायला बोलावलं की लोक आधी चॉपस्टिक धरायची प्रॅक्टिस करतात, काटा कुठल्या हातात नि सुरी कुठल्या ते व्हिडिओत बघून ठेवतात, ते ठीकच आहे, पण खरी पंचाईत होते ती पोट भरल्यावर. बऱ्याच ठिकाणी तोंडाने नको नको म्हणून काही उपयोग नसतो, थांबवायची खूण वेगळीच असते आणि ती माहीत नसेल तर समोरचा वाढतच राहतो. म्हणून या खुणा आधी शिकून घ्या, बाकीचं बघून बघून जमतं.

सगळ्यात कामाची खूण अरबी कॉफीची. सौदी, कतार, यूएई या भागात कुणाकडे गेलात की बिनकानाच्या छोट्याशा कपात, त्याला फिंजान म्हणतात, तळाशी दोन घोट कॉफी ओतून देतात. एवढीशीच दिली म्हणून कंजूष समजू नका, थोडी थोडी करून पुन्हा पुन्हा देणं हाच तिथला पाहुणचार आहे. कप उजव्या हाताने घ्यायचा, उजव्यानेच परत द्यायचा आणि पहिला कप शक्यतो नाकारायचा नाही. आता गंमत अशी की रिकामा कप नुसता पुढे केलात की तो परत भरणार, कितीही वेळा. थांबवायचं असेल तर कप बोटांत धरून मनगट हलकेच दोन-तीनदा डावीउजवीकडे हलवायचं नि मग परत द्यायचा, झालं, एक शब्द बोलावा लागत नाही. तुर्कीत चहाचं पण असंच, ग्लास रिकामा दिसला की भरलाच समजा, तिथे चमचा ग्लासच्या तोंडावर आडवा ठेवून द्यायचा.

जपान आणि कोरिया शेजारी शेजारी आहेत म्हणून एकच नियम चालेल असं वाटतं पण तसं अजिबात नाहीये. जपानमध्ये भाताचा बाऊल हातात उचलून खातात, कोरियात तो टेबलावरच राहतो. जपानमध्ये आपला ग्लास आपण भरायचा नाही, शेजारचा आपला भरतो आपण त्याचा, आणि ग्लास थोडा खाली गेला तरी कुणीतरी भरतंच, त्यामुळे नको असेल तर ग्लास भरलेलाच राहू द्या. कोरियात उलट, ग्लास पूर्ण रिकामा झाल्याशिवाय सहसा भरत नाहीत, मोठ्यांना ओतताना आणि त्यांच्याकडून घेताना दोन्ही हात लावायचे, आणि सगळ्यात मोठ्या माणसाने सुरुवात केल्याशिवाय आपण हात लावायचा नाही. चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नका हे मात्र दोन्हीकडे आणि चीनमध्येही, ते मृतांसाठी करतात तसं दिसतं.

ताटात काही ठेवायचं की नाही हा आणखी एक घोळ. जपानमध्ये शेवटच्या दाण्यापर्यंत संपवलेलं आवडतं. चीनमध्ये जुनी रीत अशी की थोडंसं ठेवायचं, नाहीतर यजमानाला वाटतं पाहुण्याला कमी पडलं. पण 2021 मध्ये तिथे अन्न वाया घालवण्याविरुद्ध कायदाच झालाय, तेव्हा हॉटेलात ढीगभर मागवून टाकून देण्यापेक्षा कमी मागवा, उरलं तर बांधून घ्या. घरी मात्र यजमान वयस्कर असतील तर मी तरी दोन घास ठेवीन.

युरोपात सोपंय. काटा नि सुरी प्लेटमध्ये एकमेकांना समांतर ठेवली की जेवण झालं, तिरकी वेगवेगळी ठेवली की अजून चाललंय. गप्पांच्या नादात समांतर ठेवलीत आणि वेटर अर्धी प्लेट उचलून घेऊन गेला तर त्याच्यावर चिडू नका.

इराणमध्ये एकदा नको म्हटलं तर ते कुणी खरं धरतच नाही, आग्रह नि नकार दोन्ही रिवाजाचाच भाग आहेत. हवं असेल तरी आधी एखाद-दोनदा नको म्हणायचं मग घ्यायचं, आणि खरंच नको असेल तर हसत हसत, आभार मानत, चार वेळा तरी नको म्हणायची तयारी ठेवा.

इथियोपियात तर खूणबीण चालतच नाही. सगळे एकाच मोठ्या ताटातल्या इंजेरावरून, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या मोठ्या मऊ धिरड्यावरून, उजव्या हाताने खातात आणि मधेच कुणीतरी घास करून थेट तुमच्या तोंडाशी आणतं, तो नाकारला तर वाईट दिसतं, सरळ तोंड उघडा. नंतरची कॉफी तीन फेऱ्यांची असते, त्याच पावडरीत परत पाणी घालून उकळतात म्हणून दर फेरीला फिकी होत जाते. तिसरी व्हायच्या आत उठणं बरं दिसत नाही, त्यामुळे त्या दिवशी पुढचं काही ठरवूच नका.

आणि ॲलर्जी असेल, मांस किंवा दारू चालत नसेल तर ते टेबलावर बसून सांगू नका. आमंत्रण येईल तेव्हाच सांगून टाका, मेसेज केला तरी चालतो, म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याला वेळ मिळतो.