टेबल दुसऱ्या स्कीमात नेण्याआधी फंक्शनं वाचून काढा

आमचं सॉफ्टवेअर वाशीच्या एपीएमसी मार्केटमधले आडते वापरतात. डेटाबेस पोस्टग्रेस. आवक, तोलाई, हमाली, पट्टी (शेतकऱ्याला दिला जाणारा विक्रीचा हिशोब) ही सगळी टेबलं ‘पब्लिक’ या आयत्या स्कीमात, म्हणजे टेबलांच्या कप्प्यात, साठली होती. त्यातली पैशांची टेबलं आम्ही ‘हिशोब’ या वेगळ्या स्कीमात नेली.

टेबल हलवायला एक ओळ पुरते: ऑल्टर टेबल पब्लिक.पट्टी सेट स्कीमा हिशोब. इंडेक्स, कन्स्ट्रेंट, ट्रिगर आणि कॉलमच्या मालकीचा सीक्वेन्स बरोबर जातात. व्ह्यू (नाव देऊन साठवलेल्या क्वेरी) जागेवरच राहतात, पण मोडत नाहीत. पोस्टग्रेस आतून टेबल ओळखतो ते ओआयडीने, म्हणजे अंतर्गत क्रमांकाने, नावाने नाही. फॉरेन कीसुद्धा त्यामुळेच शाबूत राहते.

खरं काम फंक्शनांचं. पीएलपीजीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या भाषेतलं फंक्शन म्हणजे नुसता साठवलेला मजकूर. त्यातलं टेबलाचं नाव ते चालवताना शोधलं जातं. त्यामुळे टेबल हलवताना एकही एरर येत नाही, आणि महिनाअखेरीला शेतकऱ्याची पट्टी काढणारं फंक्शन ‘रिलेशन डज नॉट एक्झिस्ट’ म्हणत थांबतं. म्हणून आधी पीजी_प्रॉक या फंक्शनांच्या कॅटलॉगच्या प्रोएसआरसी कॉलममध्ये (तिथे फंक्शनचा मजकूर असतो) टेबलाचं नाव शोधा आणि सापडेल ते प्रत्येक फंक्शन उघडून वाचा. ट्रिगरची, म्हणजे टेबलात बदल होताच आपोआप चालणारी, फंक्शनं विसरू नका. ट्रिगर टेबलाबरोबर गेला तरी त्याचं फंक्शन जुन्याच स्कीमात असतं.

ॲपच्या रोलला (डेटाबेसमधल्या वापरकर्त्याला) सर्च_पाथमध्ये, म्हणजे नाव शोधायच्या स्कीमांच्या यादीत, ‘हिशोब’ जोडलात की नुसतं ‘पट्टी’ लिहिलेल्या क्वेरी चालतात, ‘पब्लिक.पट्टी’ लिहिलेल्या नाही. त्यांच्यासाठी त्याच नावाचा साधा व्ह्यू ‘पब्लिक’मध्ये ठेवा, त्यातून इन्सर्ट-अपडेटही होतात. व्ह्यूला परवानग्या मात्र वेगळ्या द्याव्या लागतात. शिवाय ऑल्टर रोलने दिलेला सर्च_पाथ फक्त नव्या कनेक्शनला लागू होतो, तेव्हा उघड्या कनेक्शनांचा पूल रीस्टार्ट कराच.

वेळ कुठली? सगळे म्हणतात, रात्री. पण भाजीपाल्याचे ट्रक रात्रीच लागतात आणि व्यवहार सकाळपर्यंत चालतो. आम्ही दुपार निवडली. डेटा कॉपी होत नसल्याने काम क्षणात होतं. पण टेबलावर ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह लॉक लागतो, म्हणजे तोवर इतर कुणाला ते वाचताही येत नाही. एखादा लांबलचक रिपोर्ट चालू असला की ऑल्टर त्याच्यामागे अडकतं आणि ऑल्टरमागे बाकी सगळे. म्हणून आधी लॉक_टाइमआउट 3 सेकंद ठेवा. लॉक मिळाला नाही तर माघार घ्या, थोड्या वेळाने पुन्हा चालवा. बिगिन-कमिटमध्ये सगळं बसवा. काही बिनसलं तर रोलबॅकने टेबलं पूर्ववत होतात. हा मला पोस्टग्रेसचा सर्वांत मोठा आधार वाटतो.

टेबलावरचे ग्रँट (परवानग्या) तसेच राहतात, पण नव्या स्कीमावर यूसेज (स्कीमा वापरायची परवानगी) दिलं नसेल तर रिपोर्टवाल्या रोलला ‘परमिशन डिनाइड’ येतं. आणि टेबल पार्टिशन केलेलं, म्हणजे तुकड्यांत विभागलेलं, असेल तर वरच्या ओळीने फक्त मूळ टेबल जातं. प्रत्येक पार्टिशनला स्वतंत्र ऑल्टर द्यावं लागतं.