माणसं फुगलेली दिसतायत? आधी प्लेअर बघा

डीव्हीडी लावली की माणसं बुटकी नि जाडी दिसतात, आणि आपण टीव्हीचा रिमोट दाबत बसतो. गडबड बहुतेकदा प्लेअरच्या सेटअपमध्ये असते: तिथला 'टीव्ही टाइप' (म्हणजे पडद्याच्या रुंदी-उंचीचं प्रमाण) ४:३ वरच राहिलेला असतो. रुंद टीव्ही असेल तर तो १६:९ करा. काही प्लेअरमध्ये डिस्क चालू असताना हा पर्याय बदलत नाही. आधी स्टॉप दाबा. मग टीव्हीचं 'झूम' काढा. चित्रातलं घड्याळ किंवा गाडीचं चाक नीट गोल दिसलं की जमलं.

तरीही वर-खाली काळे पट्टे दिसतील, कारण कित्येक सिनेमे २.३९:१ एवढे रुंद असतात. ते घालवायला झूम केलंत तर कडेची माणसंच कापली जातात. जुन्या ४:३ कार्यक्रमांना पट्टे डाव्या-उजव्या बाजूला येतात. येऊ द्या.