‘डाउट’ म्हणजे शंका? इंग्रजी लिहिताना या चुका टाळा

लालबागला मी संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेते. त्याआधी बरीच वर्षं बॅलार्ड इस्टेटमधल्या एका क्लिअरिंग एजंटकडे, म्हणजे कस्टममधून माल सोडवून देणाऱ्याकडे, पत्रव्यवहार सांभाळला. तिथे ज्या चुका खोडायचे, त्याच आज वह्यांमध्ये खोडते.

सगळ्यात घातक चूक ‘डाउट’ची. ‘सील तुटल्याची शंका आहे’ असं मराठीत म्हटलं की सील बहुतेक तुटलंय असा अर्थ होतो. इंग्रजीत ‘आय डाउट द सील इज ब्रोकन’ म्हटलं की नेमकं उलट होतं: सील तुटलं असेल असं मला वाटत नाही. आमच्याकडे हे खरंच घडलं. न्हावा-शेवा बंदरात उतरलेल्या एका कंटेनरचं सील वाकलेलं दिसत होतं. नव्या मुलाने घाईघाईत परदेशी पार्टीला मेल टाकला, ‘वी डाउट द सील इज ब्रोकन’, आणि सहा-दहाची लोकल पकडली. समोरच्याने वाचलं की सील शाबूत आहे, म्हणून माल तपासणारा सर्व्हेअर बोलावला नाही. कंटेनर उघडला तेव्हा अकरा खोकी कमी. मग तीन आठवडे भांडण, आणि दर वेळी आमचीच ओळ आमच्या तोंडावर. तिथे ‘सस्पेक्ट’ हवं होतं. त्या मेलची प्रिंट मी अजून जपून ठेवली आहे, ‘डाउट’भोवती लाल पेनाने गोल केलेली. नवी बॅच आली की पहिल्या दिवशी तीच हातोहात फिरवते.

वर्गात हात वर करून ‘आय हॅव अ डाउट’ म्हणतात, ते आपल्याकडे चालतं. बाहेरच्या माणसाला मात्र वाटतं की तुमचा त्याच्यावर विश्वास नाही. ‘क्वेश्चन’ म्हणा. आणि ‘डाउट’मधला बी उच्चारू नका. हा शब्द फ्रेंचमधून बीशिवायच आला होता. पुढे पंडितांनी लॅटिन ‘दुबितारे’कडे बघून स्पेलिंगमध्ये बी बसवला, उच्चार होता तसाच राहिला. कर्जाच्या ‘डेट’चंही तेच.

दुसरी चूक ‘पासून’ची. आपण ‘२०१९पासून’ म्हणतो आणि ‘दोन वर्षांपासून’ही म्हणतो, म्हणून सगळीकडे ‘सिन्स’ पडतो. मी कालनिर्णयकडे बघायला सांगते. एका तारखेवर बोट ठेवता येत असेल तर ‘सिन्स’, दिवस-वर्षं मोजावी लागत असतील तर ‘फॉर’. ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स.’

बाकीच्या चुका एकेका ओळीच्या. ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ नको, ‘रिटर्न’नंतर ‘बॅक’ नको. ‘पास्ड आउट’ म्हणजे भारताबाहेर बेशुद्ध पडणं, तिथे ‘ग्रॅज्युएटेड’ लिहा. ‘प्रीपोन’ला मात्र मी कधीच लाल रेघ मारत नाही. शब्द आपल्याकडचा आहे, चोख आहे. फक्त परदेशी पत्रात ‘ब्रिंग फॉरवर्ड’ लिहा.

लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या ‘तीस दिवसांत इंग्रजी’च्या जाहिराती वाचून येणाऱ्यांना अर्थांची यादी पाठ करायची असते. तसं इंग्रजी येत नाही. माझ्या वर्गात सुटा शब्द वहीत उतरवायला बंदी आहे, अख्खं वाक्य उतरवायचं.

तीच घाई शब्दांच्या जन्मकथांमध्ये दिसते. ‘पॉश’ म्हणे मुंबईला येणाऱ्या पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या बोटींवरून आला: येताना डाव्या बाजूची आणि परतताना उजव्या बाजूची थंड केबिन, तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’च्या चार आद्याक्षरांचा शिक्का. असा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर मिळालेलं नाही. सुक्या बोंबलाला ‘बॉम्बे डक’ हे नाव डाकगाडीवरून पडलं, असंही छातीठोकपणे सांगतात. आपल्याकडे पहिली प्रवासी गाडी १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला गेली, आणि हे नाव त्याच्या कितीतरी आधीपासून इंग्रजी छापील मजकुरात आहे. म्हणून कथा कितीही गोड असली तरी मी आधी साल बघते.

खऱ्या गोष्टी जास्त रंगतदार असतात. ‘मंगूस’ आपल्या मुंगसावरून गेला. त्याचा ‘गूस’शी काही संबंध नाही, म्हणून अनेकवचन ‘मंगूसेस’, ‘मंगीस’ नव्हे. आणि दिवाणखान्यातल्या टीपॉयमध्ये चहा नाही. ती आपली तिपाई, तीन पायांची. इंग्रजांच्या कानाला तिच्यात ‘टी’ ऐकू आला, आणि पुढे ते चहाची पत्ती ठेवायच्या पायवाल्या पेटीलाही टीपॉय म्हणू लागले.